करड्या रंगाचं फ्रेंच नाव

थोरली नीट जेवत असेल का, हा भुंगा डोक्यातून जात नाही. विचारलं की म्हणते, "काही नाही गं आई, जरा त्रिस्तेस आहे." त्रिस्तेस! म्हणजे दुःखच, पण फ्रेंच. इंग्रजीवाल्यांना आपलं घरचं दुःख फार गावठी वाटलं असणार, म्हणून त्यांनी हे अत्तर लावलेलं उचललं. साध्या दुःखाला कोणी दारात उभं करत नाही. हे मात्र सोफ्यावर तंगड्या पसरून बसतं.

ही माझी थोरली लेक रंगांच्या कंपनीत छटांना नावं देते. करडा रंग म्हटलं की गिऱ्हाईक नाक मुरडतं, 'पहाटेचं धुकं' म्हटलं की डबे खपतात. तिची एक रीत आहे. नवी छटा आधी स्वतःच्या खोलीतल्या एका भिंतीला लावायची, तिच्यासोबत राहायचं, मगच नाव ठेवायचं. नाव सुचलं की भिंत पुन्हा पांढरी.

यंदा ओल्या सिमेंटसारख्या एका छटेला इंग्रजी कॅटलॉगसाठी तिने 'त्रिस्तेस' नाव दिलं. साहेब खूश. "वा! दुःख असावं तर असं!" हॉटेलवाल्यांच्या उड्या पडल्या. पोरीला हे सुचलं कुठून, एवढा विचार करायची अक्कल त्या शहाण्याला नाही. आमच्या घरातही तोच आनंद. तिचे बाबा म्हणाले, "शब्द गोड आहे हं."

"मग घ्या चहात घालून," मी म्हटलं.

रविवारी तिच्या खोलीवर गेले. एक भिंत नव्हे, चारही भिंती त्याच रंगाच्या. छतसुद्धा. ब्रश वाळून दगड झालेला. फ्रिजमध्ये अर्धं लिंबू.

"हे काय गं?"

"छान दिसतं ना? सगळे म्हणतात."

"सगळे इथे झोपायला येतात का?"

ती हसली. मग खिडकीकडे बघत म्हणाली, "आई, दुःख म्हटलं की लोक कारण विचारतात. त्रिस्तेसला कोणी विचारत नाही."

आणि मी पदवीधर बाई, चहा पिऊन घरी आले!

हे म्हणतात, "रात्र झाली, झोपू दे तिला." ती झोपलेली नाही, हे मला इथे बसून कळतं. कारण विचारणार आहे, सरळ. सांगितलं नाही तरी सकाळी पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन दारात उभी राहणार. मोबाइल कुठे ठेवला यांनी? लावतेच.