लाखोरीची भाजी आणि अडकलेला पिंजरा

लाखोरीच्या पालेभाजीला लसणाची फोडणी बसली, की मला तुमसरकडच्या मँगनीजच्या खाणीत अडकलेला, माणसं वर-खाली नेणारा तो पिंजरा आठवतो आणि अजून डोकं फिरतं. कामाचा माझा पहिलाच आठवडा होता. पाळी संपवून वर येताना विजेची लाइन गेली आणि मी अन् निवृत्तीला आलेले आमचे मुकादम, आम्ही दोघं मधेच लटकलो. अंगाला गरम वाफ, डोळ्यांत उतरणारा काळा घाम, खाली पाण्याची टपटप. मुकादमांनी बॅटरी वाचवायला दोघांच्या टोपीवरचे दिवे बंद केले आणि विचारलं, "आज डब्यात भाजी कायची होती?" मी उखडलो, "काकाजी, इथं जीव जाऊन राहिला अन् तुमाले भाजी सुचून राहिली?" "सांग ना!" मी चिडून लाखोरीची म्हटलं, तर म्हणतात, "जवसाचं तेल नाई टाकलं? मंग कायची भाजी बे ते!" माझ्या आईच्या भाजीला नावं? लाइन येईपर्यंत मी भांडलो. वर पोचलो, तर थरथरत्या हातांनी त्यांना पिंजऱ्याची कडी उघडेना. "तू भांडला म्हणून निभलं," म्हणाले. अहो, भीती वाटते एवढं सरळ सांगायला काय झालं होतं? आता मीच मुकादम आहे. पिंजरा अडकला, की नव्या माणसाला भाजी विचारतो, आणि वर आल्यावर कडी त्यालाच उघडायला लावतो.