जीपवरची उघडी जागा

दसऱ्याला मामांनी एकेक बोल्ट काढून जीप हौसेनं रंगवली. त्यानंतर हॉर्न दाबला की दिवे मंद व्हायचे, इंडिकेटर दिला की सगळेच लुकलुकायचे. बहिणीला कळा सुरू झाल्या म्हणून तिला जीपमध्ये घेऊन परभणीच्या दवाखान्यात निघालो, तर सोनपेठलाच अंधारून आलं.

स्टँडसमोरच्या वायरिंगवाल्यानं एकाही दिव्याला हात लावला नाही. कानावर विडी अडकवून त्यानं फक्त हॉर्न दाबला आणि दिव्यांकडं पाहिलं.

“सगळे चांगले हायेत. करंटाची परत जायची वाट तेवढी रंगवून टाकली तुमी.”

बॅटरीची तार जिथं बॉडीला जोडली होती, तिथला बोल्ट काढून त्यानं खालचा रंग खरवडला आणि बोल्ट परत आवळला. मामा कळवळले. दिवे लख्ख लागले.

परभणीला वेळेत पोचलो, पण त्या घाईत त्याचं नाव विचारायचं राहिलंच. मामा पुढंही दर दसऱ्याला जीप रंगवायचे, पण रुपयाएवढी ती जागा सोडून. पूजेचं पहिलं कुंकू त्या बोल्टाला लागायचं.