तेजलचं स्टिकर

आमच्या सिडकोतली चैताली घरी ब्लाउज शिवते. बोलते कमी, विसरत काहीच नाही.

तिची तेजल सातवीत. आईचाच जुना फोन वापरते, तोही हॉलमध्ये बसून. वरच्या मजल्यावरच्या, तिच्याच वर्गातल्या अश्विनला स्वतःचा फोन, खोलीचं दार लावून. तेजल शाळेच्या बसमध्ये तोंड उघडं टाकून झोपली असताना त्याने तिचा फोटो काढला, शिंगं चिकटवली आणि स्टिकर करून वर्गाच्या ग्रुपवर टाकलं. मग कुणाचा गृहपाठ राहिला की तेच स्टिकर, कुणाची बस चुकली की तेच. तेजलने शाळाच सोडायची म्हटलं. खाली खेळायलाही येईना.

चैतालीने तिचा फोन मात्र काढून घेतला नाही. मला म्हणाली, "ताई, हिने आपणहून येऊन दाखवलं. हिलाच शिक्षा केली तर पुढच्या वेळी लपवेल."

अश्विनचा सहलीतला, ओल्या चड्डीतला जुना व्हिडिओ चैतालीकडे होता. "टाकू ग्रुपवर?"

"मग तुझ्यात नि त्याच्यात फरक काय गं?" मी म्हटलं.

"फरक कुणाला हवाय?" पण तिने फोन ठेवला. "एका झटक्यात संपेल हे. मला सावकाश हवंय."

रविवारी आम्ही वर गेलो. अश्विनची आई स्नेहल म्हणाली, "पोरंच ती. गंमत केली असेल."

"तीच गंमत गोळा करायचीय," चैताली म्हणाली. " ज्याच्या ज्याच्या फोनमध्ये गेलीय, त्याच्या दारात हा जाईल. काय केलं ते सांगेल आणि समोर पुसून घेईल. नाहीतर उद्या मी शाळेत जाते."

भर उन्हात अश्विन पुढे, आम्ही मागे. तो पुटपुटला की चैताली म्हणे, "ऐकू नाही आलं राजा, परत सांग." एका घरात कमी ऐकू येणारे आजोबा होते. तिथे ती निवांत खुर्चीत बसली.

शेवटी वर्गातल्याच एका मुलाचं, सविताताईंचं घर. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे आमच्या पोराकडून नाही आलं. योगाच्या ग्रुपवर स्नेहलने टाकलं होतं."

आम्ही परत वर. स्नेहल चहा ठेवत होती. "झालं का एकदाचं?"

"मुलाचं झालं. तुमच्या योगाच्या बायका राहिल्यात."

स्नेहलने ओट्यावरचा फोन उचलला. "मी ग्रुपवर सॉरी टाकते ना."

"टाकू नका. दारात जायचंय." चैतालीने पुढे होऊन गॅस बंद केला. "चला, चप्पल घाला."

जिन्यात तेजल उभी होती, बाहेर जायच्या कपड्यांत.

"आई, मला पण बघायचंय."

"ये," चैताली म्हणाली.