तात्यांसमोर बसताना पाया पडायचं नसतं

माझ्या ओळखीतला सगळ्यात पट्टीचा थापाड्या आज सकाळी गेला.

विट्याचे शंकरतात्या. माझे पोकरचे गुरू.

आणि टेबलावरचे माझे सगळ्यात कडवे शत्रू.

तात्यांचा धंदा गलाईचा. जुनं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं. अर्धं आयुष्य दक्षिणेतल्या एका शहरात त्यांचं दुकान होतं. अनोळखी बायका अंगावरचे दागिने उतरवून त्यांच्या हातात ठेवायच्या आणि निर्धास्त घरी जायच्या.

तो चेहराच तसा होता हो.

तिथल्या सराफ मित्रांनी त्यांना पोकर शिकवलं. पुढे दुकान मुलाकडे देऊन तात्या विट्याला परतले, ते हा नाद घेऊनच.

मी साताऱ्याची, एमआयडीसीत क्वालिटीला. आजोळ विट्याचं, तात्या मामाचे शेजारी. एकदा मी मामाच्या कट्ट्यावर बसून फोनवर पोकर खेळत होते. शेजारून तात्यांनी हाक मारली.

"फोनात कुणाचं तोंड दिसतंय व्हय गं? हिकडं ये."

झालं! तेव्हापासून सुट्टी मिळाली की मी एसटीनं विट्याला. खेळायचं चिंचोक्यांवर.

पोकर माहीत नसलेल्यांसाठी सांगते. दोन पानं तुमच्या हातात, झाकलेली. पाच पानं मध्ये, सगळ्यांना दिसणारी. हातात काही नसलं तरी भारी पानं आहेत असं भासवून समोरच्याला पळवून लावता येतं.

या भासवण्यात तात्यांचा हात धरणारा मी पाहिला नाही. डोळा हलत नसे, श्वास बदलत नसे. मी नुसती बघत राहायचे.

आणि दया? छे! शिकाऊ आहे म्हणून एक चिंचोका कधी सोडला नाही.

मग गोव्याची टूर्नामेंट. आम्ही दोघंही उतरलो. माणसं गळत गेली आणि शेवटी टेबलावर उरलो तात्या आणि मी.

मला ती ट्रॉफी नको होती. मला तात्यांना हरवायचं होतं.

एका डावात माझे तीन राजे जमले. मध्ये इस्पिकची तीन पानं पडलेली. तात्यांनी सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या. ऑल-इन.

तात्यांच्या हातात अजून दोन इस्पिक असतील तर मी मेले, कारण पाच इस्पिक तीन राजांपेक्षा भारी. मी त्यांच्याकडे बघितलं. तोच चेहरा. सोनं ठेवून जावं असा.

मी राजे टाकून दिले.

तात्या पानं कधीच उघडी करत नसत. त्या दिवशी केली. सत्ती आणि दुर्री. एकही इस्पिक नाही!

हॉलभर हशा. पुढच्या दोन-चार डावांत मी संपले.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. चहाला गाडी थांबली तेव्हा तात्याच बोलले.

"राजं टाकलंस न्हवं?"

"माहीत होतं तर मग पानं दाखवली कशाला? लोक हसले मला."

"लोकं गेली खड्ड्यात. तू पानं बघितलीस का? तू तात्याकडं बघितलंस. वडीलधारं माणूस कशाला खोटं बोलंल, आसं वाटलं तुला."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"टेबलावर तात्या नसतोय, पोरी. तितं मी तोंडावर खोटं बोलतो. मला खोटं म्हणायला शीक. तवर तू न्हाई जिंकायचीस."

सांगायला सोपं. आमच्या घरात मोठ्यांपुढे पाय पसरून बसायची चोरी. 'तुम्ही खोटं बोलताय' म्हणायला जीभ कशी वळणार? त्यानंतर कितीदा खेळलो, प्रत्येक वेळी मी ऐनवेळी कच खाल्ली.

गेल्या महिन्यात कळलं, तात्या अंथरुणाला खिळलेत. भेटायला गेले. दुकान सोडून गावी आलेला मुलगा दाराशीच म्हणाला, "ताई, डाव मांडणारच ते. जरा हरा. बरं वाटंल त्यांना."

डाव मांडला. हात थरथरत होते, पण पानं पिसायची ऐट तशीच. मला पंजांची जोडी आली. साधीच. आणि तात्यांनी सगळे चिंचोके माझ्याकडे लोटले.

चेहरा? गोव्यात होता तोच. एवढ्या दुखण्यातही तोच!

पानं टाकली असती तर ते जिंकले असते. मुलगा खुणावत होता. पण तात्यांना जिंकू द्यायचं म्हणजे त्यांना म्हातारं ठरवायचं, आणि ते मला जमेना.

"तात्या, तुम्ही खोटं बोलताय."

चहा आणणाऱ्या सूनबाई दारातच थबकल्या.

तात्यांनी सावकाश पानं उलटली. काही म्हणजे काही नव्हतं.

ते इतके हसले की खोकल्याची उबळ आली. मी पाणी द्यायला उठले, तर हातानंच मला बसवलं.

"व्हय गं. खोटंच हुतं."

मग सुनेला म्हणाले, "निस्त्या च्यावर नगं धाडू हिला. जेवायला वाढ. माज्या बरोबरीची हाय ती."

मी रडत रडत जेवले. 

तात्या, शिष्या म्हणून तुमच्या पाया कायमच पडत आले. आजचा नमस्कार तुमच्या बरोबरीच्या खेळाडूचा.

तेवढा स्वीकारा. 🙏