लालबागच्या गल्लीतली लांब शिट्टी

माझी शेवटची पोस्टिंग कुलाब्याला होती. मी सैन्याच्या इंजिनिअर्स दलातला सुभेदार. सकाळी पीटी, मग परेड, मग स्टोअरची तपासणी. करी रोडला वाढलेल्या माणसाला घराजवळ पोस्टिंग म्हणजे लॉटरीच लागली. रविवारी आईच्या हातची मच्छी खायची आणि परत ड्यूटीवर हजर व्हायचं, असे दिवस चालले होते.

एका सकाळी हुकूम आला. लालबागला एक जुनी चाळ अर्धी खचली होती आणि नागरी प्रशासनाने सैन्याची मदत मागितली होती. कॅप्टनसाहेबांबरोबर आमची तुकडी पोहोचली तेव्हा अग्निशमन दल, पोलीस आणि पालिकेचे इंजिनिअर कामाला लागले होते. गर्दी आवरायला गल्लीतल्या गणपती मंडळाचे कार्यकर्ते जाड दोर धरून उभे होते, विसर्जनाला धरतात तसे. त्यांचा म्होरक्या दत्ताराम परब. आमच्या रिक्रूटांना एवढी सरळ रांग शिकवताना माझ्या नाकी नऊ येतात.

जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरून सगळ्यांनी कामं वाटून घेतली. वायरलेसचा चॅनेल ठरला, रुग्णवाहिकेची वाट ठरली. चाळीतल्या सावंतकाकू ढिगाऱ्याखाली अडकल्या होत्या, पण जिवंत होत्या. आमचा लान्सनायक विलास माने फटीतून आत गेला. अंगाने बारीक, म्हणून अशी कामं त्याच्याच वाट्याला यायची. तो कधी कुरकुरला नाही.

काही वेळाने वायरलेस सेटवर त्याचा आवाज आला.

"काकू बोलतायत. दिशा कळत नाही. शांतता हवी. ओव्हर."

"रॉजर. शांतता देतो," मी म्हणालो.

कॅप्टनसाहेबांनी एक लांब शिट्टी मारली. आमच्यात तिचा अर्थ एकच: आहात तिथे थांबा, तोंड बंद. अग्निशमन दलाचे कटर थांबले. मंडळाचा दोर मात्र पुढे सरकला. दोरामागची गर्दी अर्ध्या उभ्या भिंतीवर रेटली गेली आणि भिंत आतल्या बाजूला कोसळली. मी सेटवर विलासला हाका मारत राहिलो.

अग्निशमन दलाने दुसऱ्या बाजूने वाट फोडून काकूंना बाहेर काढलं. विलासला आम्ही काढलं. तो गेला होता.

पुढे सगळ्या खात्यांनी मिळून आपत्तीचा संयुक्त आराखडा करायचं ठरलं. त्यासाठी या घटनेचा अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं. कोण चुकलं, हे जो तो विचारत होता. मला वेगळंच कोडं पडलं होतं. मंडळाची इतकी शिस्तीची माणसं शिट्टी ऐकून पुढे कशी आली? चौकशा करायची खोड मला लहानपणापासूनची. साध्या कपड्यांत मंडळाच्या कचेरीत जाऊन बसलो. परब माझ्याकडे बघत नव्हता.

"साहेब, अहवालात आमचं नाव टाकणार ना?"

"आधी सांग, लांब शिट्टी झाली की तुम्ही काय करता?"

"दोर पुढे घ्यायचा. विसर्जनाला माझ्या बापापासून असंच चालू आहे. थांबायचं तर दोन छोट्या..."

तो मध्येच थांबला. त्याच्याही डोक्यात तेव्हाच प्रकाश पडला. बॉनेटवर आम्ही सगळं ठरवलं होतं, फक्त शिट्टी सोडून. त्यात काय ठरवायचं, असं प्रत्येकाला वाटलं होतं.

"तुझ्या माणसांनी हुकूमच पाळला, दत्ताराम," मी म्हणालो. "अहवालात तेच लिहिणार."

तो टेबलावर डोकं टेकून रडला. मलाही आवरलं नाही.

तिथून सावंतकाकूंकडे गेलो. विलास शेवटी काय बोलला, ते मला हवं होतं, अहवालासाठी आणि माझ्यासाठीही. काकूंनी सांगितलं, त्यांची शुद्ध जाऊ नये म्हणून तो सारखं काहीबाही विचारत होता. आज कालवण कसलं केलंत, नातवंडं किती. मग बाहेर शिट्टी झाली.

"मला म्हणाला, काकू, आता जोरात हाक मारा. बाहेर सगळे गप्प झालेत."

काकूंनी ते सांगितलं आणि मला पुढचं लिहिता येईना.

आराखड्यात आता शांततेसाठी शिट्टी नाही, लाल झेंडा आहे. काम सुरू करण्याआधी तो मंडळासकट सगळ्यांना दाखवायचा, असा नियम आहे. मी निवृत्त झालो, तरी परळच्या मैदानात संयुक्त सराव असला की जाऊन उभा राहतो. झेंडा वर जातो. यंत्रं थांबतात, परबाचा दोर जागच्या जागी थांबतो, माणसं श्वास रोखून ऐकतात. तेवढ्यात मी मनातल्या मनात सांगून घेतो: लान्सनायक विलास माने, आता खरंच सगळे गप्प झालेत.