आप्पांनी उलटवलेली गिटार

इलेक्ट्रिक गिटार दुरुस्तीला नेली की आप्पा ती बाजूला ठेवायचे आणि आधी माणसाचा हात बघायला मागायचे. परभणीत जिंतूर रोडला त्यांचं दुकान. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग आणि समोर हात पसरून बसलेलं गिऱ्हाईक. नवख्याला वाटायचं, आपण ज्योतिषाकडं आलो की काय! "कुणाच्या हाताला बसवायची ते कळल्याबिगर पाना कसा लावू?" आप्पा म्हणायचे.

मी पेडगावहून जायची. माझा भाऊ लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गायचा, मी गिटार वाजवायची. माझ्या स्वस्तातल्या गिटारीच्या तारा इतक्या उंच, की बोटं सोलून निघायची. आप्पांनी तिची वाकलेली मान सरळ केली, तारा खाली घेतल्या, आतल्या वायरी बदलल्या. पण गिटारीला कधी नावं ठेवली नाहीत. "लाकूड चांगलं हाय. घाईत जोडलंय कुणीतरी," एवढंच.

मग चारा कापायच्या कडबाकुट्टी यंत्रात माझ्या डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली. जखम भरल्यावर मी गिटार घेऊन आप्पांकडे गेले. कुणाला तरी देऊन टाका म्हणायला. त्यांनी नेहमीसारखा हात मागितला. मी तो ओढणीखाली लपवला. ते थांबून राहिले. शेवटी पुढे केला, तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांत धरून एकेक बोट चाचपलं.

"अंगठा अन् पहिलं बोट शाबूत हाय," मग म्हणाले. "ह्या हातानं छेडायचं. तारा उजव्यानं दाबायच्या."

"उलटं कसं जमेल, आप्पा?"

"तुझं तू बघ. गिटारीचं मी बघतो."

त्यांनी तारांचा क्रम उलटा केला. मानेच्या टोकाला तारा बसतात ती पट्टी हाडातून नवी कोरली. आवाजाचं बटण आता मनगटाला अडायला लागलं, तर तेही खाली सरकवलं.

गिटार तयार झाली. माझा उजवा हात मात्र ठार अडाणी. दुकानात बसून तेच तीन सूर वाजवायची, चुकले की रडायची. शेजारचा चहावाला वैतागला, तर आप्पा त्याला म्हणाले, "ती शिकायलीय. तुमी चहा उकळा."

अपघातानंतर लोकांसमोर पहिल्यांदा वाजवलं ते देवगाव फाट्याजवळच्या एका लग्नात. आप्पा एसटीनं आले, मंडपात मागं उभे राहिले. मी चुकले, पण थांबले नाही. गाणं संपल्यावर ते जवळ आले. डोळे ओले होते. "तिसरी तार खरखरायलीय," म्हणाले. "उद्या घेऊन ये."

पुढं त्यांचे हात थरथरायला लागले. दुकान बंद करून लेकीकडे लातूरला जायचं ठरलं. जाण्याआधी मला बोलावलं. टेबलावर कुणाची तरी दुरुस्तीला आलेली शेवटची गिटार होती. "पाना तू धर," म्हणाले आणि डोळे मिटून ऐकत बसले. मी पान्यानं गिटारीची मान ताणत गेले, तार छेडत गेले.

"अजून जरा... बस. आता हलवू नको."

ते गेल्याचा लातूरहून फोन आला, तेव्हा मी बोरीच्या बँडवाल्यांची दुरुस्तीला आलेली गिटार उघडून बसले होते. फोन ठेवून खूप रडले. पण संध्याकाळी बँडवाल्यांना वरातीत वाजवायचं होतं. तोंड धुतलं, तारा चढवल्या, सूर लावला आणि गिटार वेळेवर दिली.