तीन नंबरची वही

रशियन मास्तरांनी पहिल्या दिवशी आम्हाला रशियनमध्ये 'नमस्कार' शिकवला नाही; 'झडप बंद करा' शिकवलं. नौदलाच्या प्रशिक्षण संस्थेत ते कित्येक वर्षं खलाशांना रशियन शिकवत होते, कारण रशियाहून आलेल्या बोटींवरच्या सगळ्या पाट्या त्याच भाषेत. निवृत्त होऊन नाशिकरोडला आले आणि आम्हा चौघांना दर रविवारी फुकट शिकवू लागले. फुकट! माझा संशय तिथूनच सुरू झाला. आणीबाणी उठून वर्षही झालं नव्हतं. फुकट बोलावणाऱ्या माणसाकडे आम्ही दोनदा बघायचो.

नावानं ते कुणाला हाक मारत नसत. "तीन नंबर, वाचा." तीन नंबर म्हणजे मी. वह्यांनाही तेच नंबर. तास संपला की वह्या मोजून पेटीत आणि पेटीला कुलूप. "वर्गातलं वर्गात," एवढंच म्हणत. खलाशी किती असायचे, असं एकदा विचारलं, तर म्हणाले, "बाकं भरलेली असायची." असा माणूस सरकारचा नाही तर कुणाचा?

सायखेड्याची शांता, म्हणजे दोन नंबर, मला हसायची. "तुला चहातबी पोलीस दिसतो का रे?"

दिसत होता. त्याच महिन्यात आमच्या वसतिगृहात बौद्ध मुलांची पंगत वेगळी बसवली गेली. त्याविरुद्ध शहरभर चिकटलेली पोस्टरं माझ्या हातानं लिहिलेली होती. पोलीस अक्षर शोधत होते. सापडलं असतं तर कॉलेजातून माझं नाव काढलंच असतं. आणि मास्तरांच्या पेटीत, रशियन शब्दांपुढे मराठी अर्थ लिहिलेलं माझं अक्षर पानोपान!

मी वही मागितली.

"नोंदलेली वही बाहेर जात नाही."

"सर, माझी वही आहे ती."

"वर्गाची आहे."

मग मी पत्रकच छापून काढलं: 'रशियन मास्तर कुणाचा माणूस?' त्यात पेटी, कुलूप, नंबर, सगळं लिहिलं. मास्तरांच्या कॉलनीत घरोघर टाकलं. त्या रविवारपासून वर्गाला कुणी गेलं नाही.

पंधरवड्यानं पोस्टरांचं अक्षर शोधत फौजदार मास्तरांच्या दारात उभा राहिला. वह्यांचा पत्ता त्याला मीच छापून दिला होता! मास्तरांनी पेटी उघडून दाखवली. रिकामी. कोर्स संपला की साक्षीदारासमोर वह्या जाळायच्या, ही त्यांची नौदलातली रीत. साक्षीला त्यांनी शांताला बोलावलं होतं. तिनंच मला हे सांगितलं, आणि वर म्हणाली, "आता छाप की हेबी."

मी मास्तरांकडे गेलो. त्यांनी दार अर्धंच उघडलं.

"सर, माझ्यासाठी जाळल्या?"

"विद्यार्थी येईनात. कोर्स संपला."

चेहऱ्यावर रेघ हलली नाही. खरं काय, मला आजही ठरवता येत नाही. मी माफ करा म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि दार लावलं.

पुढं ते नांदगावला मुलीकडे राहायला गेले, तिथंच वारले. कॉलनीत आजही कुणी विषय काढला की लोक म्हणतात, "तो होय, पोलिसांचा माणूस." पत्रक मी घरोघर टाकलं होतं. माफी एकाच घरात मागितली.